सातव्या माळेचं दुखणं

ही गोष्ट २०१९ सालची, नवरात्रातल्या सातव्या माळेच्या दिवसाची. सातपूरच्या कामगार वसाहतीत सुलाबाई सकाळी घटासाठी कारळ्याच्या फुलांची माळ ओवत बसल्या होत्या. सून रोहिणी ओट्याशी भगर निवडत होती. नऊ दिवसांचे उपवास दोघींचेही.

"आत्याबाई, डावा हात भरून आलाय. जबड्यात कळ येतीये."

"पित्त हाय. लिंबू-सोडा घे," सुलाबाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "मला बी दरसाल व्हायचं. मी काय मेले का?"

रोहिणी हसली. लिंबू-सोडा प्यायली, भगर शिजवली, आणि ओट्याला टेकून खाली बसली. तिचा ब्लाउज घामानं चिंब झाला होता. अश्विनला दुसऱ्या पाळीला जायचं होतं, म्हणून तो घरीच होता. त्यानं तिला मोटारसायकलवर बसवलं. तिला धरायला मागे सुलाबाई.

कोपऱ्यावरचे डॉक्टर साऱ्या वसाहतीचे ओळखीचे. रोहिणी स्टुलावर बसली आणि डॉक्टरांनी अश्विनकडे पाहिलं.

"काय होतंय वहिनींना?"

बाईनं बसायचं आणि तिचं दुखणं पुरुषानं सांगायचं, ही तिथली रीतच होती. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

"पित्त झालंय सर. सातवा उपवास आहे."

"मग होणारच! देवी तुम्हाला कधी पावते माहीत नाही, मला मात्र दर नवरात्रात पावते."

अश्विन मोठ्यानं हसला. डॉक्टरही हसले. त्या हसण्यात रोहिणी म्हणाली, "डॉक्टर, हात... डावा हात..."

सुलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबला. "गप गं. अश्विन बोलतोय ना."

ती गप्प बसली. एक इंजेक्शन, दोन गोळ्या. ईसीजीचं यंत्र पलीकडच्या खोलीत होतं, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं. सुलाबाईंना ते कापड आजही आठवतं.

दुपारी निकिता शाळेतून आली. आई झोपली आहे असं वाटून तिनं पायांवर चादर घातली. पाय गार होते. रोहिणी तेव्हा छत्तीस वर्षांची होती. शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका निघाला. त्या रात्री इस्पितळातून घरी परतल्यावर सुलाबाईंनी घटाकडे पाहिलं. सकाळची माळ अजून कोमेजली नव्हती. रडू काही आलं नाही. त्यांनी उरलेली भगर झाकून ठेवली.

अश्विननं ग्राहक आयोगात दावा लावला. डॉक्टरांचं उत्तर आलं : रुग्णानं पित्ताशिवाय कसलीही तक्रार केली नाही. केसपेपरवरही तेवढाच शब्द होता. वकील सरिताताईंनी विचारलं, "रोहिणी स्वतः काही बोलली होती का?"

अश्विन म्हणाला, "नाही. मीच बोललो." त्याला खरंच आठवत नव्हतं. सुलाबाई खाली बघत राहिल्या.

त्यानंतर वणीहून सुलाबाईंचे दीर सावळीराम आले. "वैनी, डॉक्टरशी वैर कशाला? गेलेली काय माघारी येती? दावा काढून घ्या, अश्विनसाठी दुसरी पोरगी बघू."

"भाऊजी, रोहिणी बोलली व्हती," सुलाबाई म्हणाल्या. "हाताचं सांगत व्हती. मी तिला गप केलं."

अश्विन दारात उभा होता. निकिता त्याच्या मागे.

सावळीराम चपापले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, मग ती बोलली एवढंच सांगा. तुम्ही गप केलंत हे कशाला? तोंडाला काळं लागंल."

"अर्धं कसं सांगू? ती व्हती तोवर तिला पुरं बोलू दिलं नाय. आता तरी तिचं पुरं सांगते."

शपथपत्रात सुलाबाईंनी सगळं लिहून दिलं, लिंबू-सोडासुद्धा. समोरच्या वकिलांनी त्यांना उभं करून विचारलं, "म्हणजे सुनेला तुम्हीच बोलू दिलं नाही. मग डॉक्टरांचा दोष काय?"

"माझा दोष हाय. तो मी सही करून दिलाय," सुलाबाई म्हणाल्या. "पन दुखत तिला व्हतं. स्टुलावर ती बसली व्हती. डॉक्टरनी तिला एकदा तरी विचारायचं व्हतं."



निकाल २०२३ साली लागला. त्रास रुग्णाला न विचारणं आणि हाताशी असलेली तपासणी न करणं हा निष्काळजीपणाच, असं आयोगानं लिहिलं. डॉक्टरांचा दवाखाना चालू आहे. यंत्र आता तपासणीच्या खोलीत असतं, कापडाशिवाय. सावळीराम पुन्हा सातपूरला आले नाहीत. अश्विननं दुसरं लग्न केलं नाही. वर्षभर तो आईशी कामापुरतं बोलला, मग हळूहळू जेवताना बोलू लागला. सुलाबाई घट बसवतात, उपवास करत नाहीत. शेजारची कुणी दवाखान्यात निघाली, की चपला घालून तिच्या बरोबर जातात आणि नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवतात. काही जणी हसतात. म्हातारीला खूळ लागलंय म्हणतात.

गेल्या वर्षी निकिताच्या पोटात दुखू लागलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी अश्विनकडे पाहून विचारलं, "काय होतंय हिला?"

"तिलाच विचारा," अश्विन म्हणाला आणि बाहेर येऊन आईशेजारी बाकावर बसला.

दार लोटलेलं होतं. आत निकिता बोलत होती, बराच वेळ बोलत होती. शब्द कळत नव्हते. सुलाबाईंचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते.