जऊळक्याचे अकरा

जऊळका स्टेशनच्या मागं, रुळांना लागून कापसाचं एक जिन होतं. दिवाळी सरली की कापसाच्या बैलबंड्या फाटकाबाहेर रांग लावत. सरकी वेगळी काढणारे रेचे एकदा फिरू लागले की होळीपर्यंत थांबत नसत. चंपत तिथं रुईच्या गठाणी बांधायच्या प्रेसवर कामाला होता. कुणब्याचा गडी, अंगानं दांडगा, बोलायला कमी. कोरडवाहू जमिनीचा तुकडा होता, पण सुगी उरकली की त्याचा हिवाळा जिनातच जायचा.

फुटबॉल आणला भाऊसिंगानं. तांड्यावरचा हा म्हातारा मुकादम पहिल्या लढाईत खेचरं हाकत बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता, अन् तिथं गोऱ्या शिपायांचा खेळ त्यानं डोळे भरून पाहिला होता. एका संध्याकाळी चांभाराकडून शिवून घेतलेला चेंडू त्यानं जिनाच्या आवारात टाकला.

"हाताले लागला तं पाप," तो म्हणाला. "फक्त गोलात उभा राह्यनाऱ्याले माफ. बाकी काई बी करा."

चंपत गोलात उभा राहिला, अन् मग दुसऱ्या कुणाला तिथं उभं राहू दिलं नाही. भोंगा वाजला की अकरा जण नाकातोंडातली रुई झटकून अनवाणी मैदानात उतरत. कोणी रेच्यावरचा, कोणी बॉयलरवरचा. त्यांत महारवाड्यातला देवला होता. दिवसभर सरकीची पोती वाहणारा, तोंडानं तिखट, पायानं त्याहून तिखट. त्याच्या पायात चेंडू गेला की तो परत मिळवायला तिघं लागत. सगळ्यांनी मिळून नाव ठेवलं, जऊळका कामगार क्लब, अन् कप्तान केलं चंपतला.

दुसऱ्या हिवाळ्यात क्लब वाशीमच्या शील्डाच्या सामन्यांत उतरला. लोक हसले. हसता हसता क्लब फायनलला पोचला. समोर होता वकील-मास्तरांचा संघ, बूटवाला. फायनल दोन दिवसांवर आली, तेव्हा जिनाचे म्यानेजर इंद्रभानजींनी चंपतला बोलावलं.

"वाशीमचा निरोप आहे. देवला नको म्हणतात."

"काहून?"

"मैदानावरच्या माठातून पाणी प्याला तो. आता काहून म्हणून मलाच विचार! दुसरा गडी घे. शील्ड आण, पुढल्या हंगामात तुला मुकादम करतो."

घरी न जाता चंपत महारवाड्याकडं वळला. मनात एक चोरटी आशा होती, की देवला आपणहून म्हणेल, राहू दे, मी बसतो. मग कुणाच्याच डोक्यावर पाप नाही.

देवला दारात बसून पायातला काटा काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मंग? मले कायले सांगून राह्यला?"

"तुले काय वाटते ते…"

"मी बसतो म्हनीन असं वाटलं तुले?" देवला उभा राहिला. "मी बसत नाई, चंपत. बसवाचं असन तं तू बसव. कप्तान तू हायेस."

चंपतला कानशिलात बसल्यासारखं झालं. गावाकडं परतताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, अन् घर येईपर्यंत त्या लाजेचा राग झाला. बायकोला, सीताबाईला, त्यानं मुकादमकीचं सांगितलं. ती चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाली, "तुमी मुकादम झाले तं मले आवडन. पन तो देवला उद्या समोरून आला, तं तुमी पाह्यसान कुठी?"

फायनलच्या दिवशी आगगाडीनं अर्धं जिन वाशीमला उतरलं. बायाही आल्या. चंपत अकरा जणांना घेऊन मैदानात शिरला. देवला त्याच्या शेजारी होता.

वाशीमच्या क्लबाचे सेक्रेटरी वकीलसाहेब पुढं आले. "दहा जणांनी खेळा. नाहीतर चालते व्हा."

"आमी अकरा हाओत," चंपत म्हणाला.

"शेवटचं सांगतो."

"मीबी तेच सांगून राह्यलो."

बूटवाला संघ मैदानाबाहेर गेला. शील्ड त्यांना दिल्याचं जाहीर झालं. आता हे लोक मुकाट निघून जातील, असं सगळ्यांना वाटलं. चंपत भाऊसिंगाकडं वळला.

"भाऊसिंगबा, शिटी वाजवा. इकडून सहा, तिकडून पाच."

म्हातारा हसला अन् त्यानं गालफडं फुगवून शिटी मारली. कुणीतरी येऊन गोलाचे बांबू उपटले, तर पोरांनी पागोटी ठेवून गोल केला. आवडाबाई, रेच्यावर कापूस टाकणारी, कमरेवर हात ठेवून ओरडली, "मार देवला! कप्तानाले सोडू नको!" देवलानं सोडलं नाही. चेंडू चंपतच्या बोटांना चाटून गेला, अन् चंपत मातीत पडल्या पडल्या स्वतःच ओरडला, "गोल!" तिकडं मांडवात शील्ड देणं चाललं होतं. इकडं वाशीमचे लोकसुद्धा मांडवाकडं पाठ करून बसले होते. खेळ संपल्यावर देवलानं त्याच माठातून पाणी घेतलं अन् तांब्या चंपतकडं दिला. चंपत सगळ्यांदेखत प्याला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी विलायतेत लढाई पेटली. दिवाळीनंतर जिनाचं फाटक उघडलं, तेव्हा खेळायच्या जागेवर गठाणींची थप्पी लागली होती. इंद्रभानजी फाटकात उभे होते.

"वाशीमचा तमाशा पुन्हा नको. क्लब मोडला म्हणा, अन् आत या."

काही जण खाली मान घालून आत गेले. त्यांच्यामागं घरं होती. चंपतनं त्यांना कधी बोल लावला नाही. अकरातला, बॉयलरवरचा धनसिंग पलटणीत गेला. भाऊसिंगानं शिटी गळ्यात घातली अन् तांड्याची वाट धरली.

"तू रे?" म्यानेजरनं विचारलं.

"मैदान तुमचं होतं, तुमी घेतलं," चंपत म्हणाला. "क्लब आमचा हाये. तो मी कायले मोडू?"

तो अन् देवला फाटकावरूनच परतले. देवला नागपूरच्या गिरणीत गेला. चंपतनं ओढ्याकाठी भाड्यानं वावर घेऊन वांगी-मेथी लावली. सीताबाई ती जवळच्या मालेगावच्या बाजारात विकायची. माठातल्या त्या पाण्यावरून जातीच्या पंचांनी वर्षभर त्याला पंगतीला बोलावलं नाही. तोही विचारायला गेला नाही.

कुणी बांधावरून खोचकपणे म्हणायचं, "तुमचा क्लब बुडाला म्हने?"

चंपत फावडं टेकवून उभा राहायचा. "बुडाला नाई. बुडवला. अन् बुडवाले त्यायले लई बळ लागलं."

अन् पुन्हा पाणी वळवायला लागायचा.