औषध बाहेर फेकणाऱ्या पेशी

धाकटी एका प्रयोगशाळेत माशांच्या अंड्यांवर काम करायची. अंडी मोहरीएवढी, काचेसारखी आरपार. आत वाढणाऱ्या पिल्लाच्या पेशींना बारीक पंप असतात. नको ते आत शिरलं की ते उपसून बाहेर टाकतात. साबण, अत्तरं, कीटकनाशकं यांतली कुठली रसायनं हे पंप बंद पाडतात, ते शोधायचं. पाण्यात रसायन आणि सोबत लाल रंग घालायचा. पंप चालू असले तर पिल्लू फिकं राहायचं, बंद पडले तर भिंगाखाली लालभडक दिसायचं.

घरी ताई होती. आई गेल्यावर कपडे शिवून तिनेच हिला शिकवलं होतं. गेल्या वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. दोन औषधं झाली, गाठ हटेना. डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेतलं. "गाठीच्या पेशी औषध आत टिकूच देत नाहीत. बाहेर फेकतात."

पुढचं तिला समजावून सांगावं लागलं नाही.

दोघींत लपवाछपवी कधी नव्हती. तिने संध्याकाळी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझेच ते पंप?" ताईने विचारलं.

"हो."

"मग ते बंद पाडणारी एखादी बाटली आण की. आता माझं काय बिघडायचं राहिलंय?"

"ताई, ते पंप नुसते गाठीत नसतात गं. मेंदूत, यकृतात, सगळीकडे असतात. सगळेच बंद पडले तर औषधच तुझा जीव घेईल."

"एवढं शिकवलं तुला," ताई हसली, "आणि कामाला आलीस ती नाही म्हणायला."

थट्टाच होती, पण धाकटीच्या जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशी तिने एक बाटली उचलून पर्समध्ये टाकलीसुद्धा. मग वही उघडली. त्या रसायनापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: वीसपैकी सतरा पिल्लं मेली. तिने बाटली परत जागेवर ठेवली.

डॉक्टरांनी सुचवलेलं तिसरं औषध ताईने घेतलं नाही. "उलट्या पुरे झाल्या," म्हणाली. नंतरचे तीन आठवडे ती पोटभर जेवली, शेजारणीशी गप्पा मारत बसली. मग अंथरुणाला खिळली आणि एका दुपारी, धाकटी उशी सारखी करत असताना गेली.

नवव्या दिवशी धाकटी कामावर आली.

"अजून थोडे दिवस थांबायचं होतं," साहेब म्हणाले.

"घरी बसवत नाही, सर."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने मान वर केली नाही. मग हात धुवायला गेली, आणि नळ सोडून कितीतरी वेळ रडत राहिली.