चौदा नावाचा फोल्डर

महिनाभर मी जिंतूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची माफी मागत फिरत होते. आमच्या ॲपचं काम एकच, शेतातल्या पंपाच्या मोटारीची लाईट यायच्या अर्धा तास आधी फोनवर अलार्म वाजवायचा. नव्या फोनवर तो वाजतच नव्हता. अलार्मचा कोड माझा, म्हणजे चूकही सुकेशनीचीच, असं राजेश्रीनं मीटिंगमध्ये सांगितलं आणि मी मान खाली घातली. राजेश्री माझी पॉलिटेक्निकपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेलो आम्ही. आमचे साहेब दत्तराव सर, त्यांनी मला सोमवारपर्यंत मुदत दिली होती. नाही जमलं तर नोकरी गेली.

"पोरी, तुझ्या भरवशावर झोपलो अन् गव्हाचं पाणी हुकलं," त्यातले एक शेतकरी, सटवाजीकाका म्हणाले होते. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

अलार्म फोनच्या आत कुठं मरतो हे बघायला फोन ज्यावर चालतो त्या अँड्रॉइडचाच सोर्स कोड लागतो. तो समोर ठेवायचा आणि ॲप एकेका ओळीवर थांबवत आत शिरायचं. ऑफिसचं नेट रडतखडत चालतं, म्हणून राजेश्रीनंच परभणीहून तो पेनड्राइव्हवर आणून दिला. फोल्डरचं नाव चौदा, फोनमधलं अँड्रॉइडही चौदा. तरी ॲप थांबायचं ते कधी रिकाम्या ओळीवर, कधी कुणाच्या तरी टिपणीवर. मलाच अक्कल नाही, असं पंधरा दिवस मी स्वतःला ऐकवलं.

शनिवारी दुपारी सहज त्या फोल्डरमधली आवृत्तीची नोंद उघडली. आत तेरा होतं. बाहेरचं नाव तेवढं बदललेलं, म्हणूनच फोनमधल्या आणि माझ्यासमोरच्या ओळी जुळत नव्हत्या.

 मोबाईलच्या डेटावर खरा चौदा उतरवून घेतला आणि अलार्म रद्द होतो त्या ओळीवर ॲप थांबवलं. तिथवर हुकूम कुठून आला तेही दिसतं. राजेश्रीच्या फाईलमधून आला होता. नव्या फोनवर अलार्मची परवानगी आहे का हे तपासताना तिचा कोड माझे सगळे अलार्म पुसून टाकत होता.

ती समोरच्याच टेबलावर होती. "फोल्डरचं नाव तू बदललंस?" मी विचारलं.

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "तुला माझी चूक सापडली असती. मला पुण्याची नोकरी याच कामावर मिळायलीय."

"अन् माझी?"

"तू हुशार हायस. तुला कुठंबी मिळंल."

राग आला त्याहून जास्त रडू आलं, आणि तिच्यासमोर रडले याचा पुन्हा राग आला. मेलीनं नुसतं सांगितलं असतं ना, तर ती चूक मी माझ्या नावावर घेतली असती, घरीही बसले असते.

"सरांना सांगू नकोस," ती म्हणाली.

मी तिच्यादेखतच स्क्रीनचा फोटो काढला आणि सरांना पाठवला.