दोन इंच जमीन

निळ्या रंगाचा एक थेंब, मसुराच्या डाळीएवढा, फुटपाथच्या फरशीवर वाळून बसलेला — आणि बोक्याला तो हुंगणं काही सोडवेना. तिने पट्टा हलकेच ओढला. बोका हलला नाही. कुत्र्याचं नाव बोका असू नये हे तिलाही कळत होतं, पण पिल्लू असताना त्याचं मांजरासारखं कुंई कुंई ऐकून लेकीने ते ठेवलं ते ठेवलंच. आता बारा वर्षांचा झाला, भुवया पांढऱ्या झाल्या, तरी रस्त्यात हाक मारली की लोक मांजर शोधतात.

दोन दिवस गाडी चालवून ती आज सकाळी या शहरात पोचली होती. लेकीचा निरोप दीड ओळीचा — माझी भिंत शुक्रवारी संपतेय, बोक्याला घेऊन ये. म्हणजे आमंत्रण कुत्र्याला, आई ड्रायव्हर. तरी चार वर्षांत पहिल्यांदा ‘ये’ म्हणाली होती, मग कुणाला का म्हणेना. वाटभर तिने एकच वाक्य घोटलं होतं... माझं चुकलं, मी ते कापायला नको होतं. मागच्या सीटवर बोक्याला एव्हाना ते पाठ झालं असेल.

शहर मात्र तिला ते वाक्य मनात धरू देईना. बसथांब्याच्या छतावर दगडी माणसं पाय सोडून ओळीने बसलेली. एका इमारतीच्या अख्ख्या अंगावर कुणाचा तरी नुसता तळहात, रेषांसकट, आणि त्याच्या आयुष्यरेषेवर नेमकी एक खरी खिडकी, खिडकीत कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले. पायऱ्यांवर एक म्हातारा डोळे मिटून व्हायोलिन वाजवत होता, समोर चिटपाखरू नसताना. बोका त्याच्यासमोर जाऊन बसला. म्हाताऱ्याने डोळे उघडले, कुत्र्याला पाहिलं, आणि जणू सभागृह भरलंय अशा थाटात पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती उभी राहिली — किती वेळ, कोण जाणे. कामधाम टाकून असं आपण शेवटचं कधी उभे राहिलो होतो, हे तिला काही केल्या आठवेना.

तीस वर्षं तिने फ्रेमा केल्या. चित्र हातात आलं की नजर आधी कडेला जायची — रुंदी किती, उंची किती, भोवती माउंटची कोरी पट्टी केवढी सोडायची. मधे काय आहे ते गिऱ्हाइकाने बघावं. नवरा थट्टेने म्हणायचा, तुला एखाद्याचा फोटो दाखवला तर तू माणूस ओळखणार नाहीस, फ्रेमची पट्टी ओळखशील. खोटं नव्हतं ते. पण इथे कडाच सापडत नव्हत्या. चित्र कोपऱ्याशी संपेल म्हणावं, तर ते वळून पुढच्या गल्लीत शिरलेलं, आणि तिची नजर आपली चुकल्या माणसासारखी मधेच भटकत होती...

नवरा गेला तेव्हा त्याने जोडलेली शेवटची फ्रेम दुकानात भिंतीला टेकून उभी होती. सागवानी, कोपरे असे जुळलेले की नख शिरू नये. लेकीने महिनाभर दार लावून बापाचं चित्र काढलं — परसात उभा आहे, हात मागे बांधून — आणि आईच्या हातात दिलं. या फ्रेमशिवाय दुसरी कुठली लावणार? चित्र फ्रेमपेक्षा दोन इंच उंच निघालं. फ्रेम मोडायची, त्याच्या हातचा कोपरा उसवायचा, यासाठी तिचा हात धजावला नाही. चित्रात खाली नुसती जमीन होती, मातकट, मोकळी. तिने पट्टी लावली आणि कटर फिरवला, एका दमात, सरळ. तिच्या कामात खोट नसायचीच.

मी काय कापलं होतं? रिकामंच तर होतं तिथे... त्याच्या पायाचं नखसुद्धा गेलं नाही.

“दोन इंच जास्त होतं गं,” तिने सांगितलं होतं. “जास्त?” लेक म्हणाली, तेवढंच, आणि महिन्याच्या आत सामान बांधून इकडे निघून आली. फोन यायचे — जेवलीस का, बोक्याला औषध दिलंस का. त्यापलीकडे दोघी मूग गिळून गप्प. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो तिचाही जळला नव्हता. पोरगी दुखावली हे तिला कळलं होतं. कशाने दुखावली ते आजही कळलं नव्हतं, आणि न कळता मागितलेली माफी लेक दारातूनच परत पाठवेल, ही धाकधूक दोन दिवस तिच्या शेजारच्या सीटवर बसून आली होती.

बोक्याने एकदम पट्टा ताणला. तिला फरफटतच तो कोपऱ्यावरून वळला.

पाच मजली भिंत, बिनखिडक्यांची. तिने सवयीने खालच्या कडेपासून सुरुवात केली. जमीन. वर आणखी जमीन — चिखल वाळून सुटलेले पापुद्रे, भेगा, कुठे ओलसर काळपट, मुंग्यांची रांग, खुर्ची ओढत नेल्याचे ओरखडे, अर्धवट पुसलेलं पाऊल... पहिला मजला संपला, दुसरा, तिसरा, तरी जमीनच. मान अवघडली. चौथ्या मजल्याच्या वर कुठेतरी, एवढासा, हात मागे बांधून तो उभा होता. आणि त्याला उभं राहायला एवढी सगळी जागा होती. वर्षानुवर्षं तो जिच्यावरून चालला ती, त्याची.

लाज मागाहून येणार होती. आधी ती नुसती थक्क झाली. या पोरीला आपण बुटाची नाडी बांधायला शिकवली, एवढंच काय ते तिच्या डोक्यात येत राहिलं.

दोरांवरचा पाळणा कुरकुरत खाली आला. लेक उतरली, बोक्याच्या मानेत तोंड खुपसून बसली, मग उठली.

“कधी निघालात?”

“परवा पहाटे. हा दोनदा ओकला वाटेत.”

“वाळलीस गं.”

“तू पण.”

वाक्य जिभेवर आलं. दोन दिवस घासूनपुसून बेतलेलं, नेटकं. आणि त्या नेटकेपणाचीच आता तिला शंका आली.

“बोल की काहीतरी,” लेक म्हणाली. आवाज सहज, पण हातातला फडका पिळून पिळून दोरी झालेला. “इमारतीचे मालक म्हणतात, खाली फारच रिकामं आहे. काहीतरी भरा म्हणतात.”

“नको,” ती म्हणाली, इतक्या चटकन की बोक्यानेही वर पाहिलं. “थांब. माझं अजून बघून झालं नाही. जरा मागे जाऊ दे.”

पट्टा लेकीच्या हातात देऊन ती उलट्या पावलांनी निघाली. रस्ता ओलांडला, एका सायकलवाल्याने शिवी घालत वळसा घेतला, पलीकडचा फुटपाथ आला, तरी भिंत डोळ्यांत मावेना. तो मात्र आणखी लहान झाला आणि जमीन वाढतच गेली... बोलायचं आहे, बोलेन मी, आज नाहीतर उद्या. पण आधी हे.

“आई, किती मागे जाशील?” लेक तिकडून ओरडली.

तिने थांब अशी हाताने खूण केली आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. काहीतरी बघायचं राहून जाईल, अशी भीती तिला उभ्या जन्मात पहिल्यांदाच वाटत होती.