ताईच्या शेगडीचा डावा बर्नर

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर निम्मं कानावर येईल आणि निम्मं वाऱ्यावर जाईल. आज एका शहाण्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. शहाण्याची फजिती ऐकताना हसू येतं, येऊ द्या. फक्त हसण्याआधी आपल्या घरातल्या माणसांवरून एकदा नजर फिरवून घ्या, म्हणजे झालं.

हा शहाणा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला शिकवायचा. प्रशिक्षण केंद्रात बावीस वर्षं झाली होती, सगळे त्याला मास्तरच म्हणत. नव्या मुलांच्या पहिल्याच तासाला तो तळहातावर एक जेट ठेवून वर्गभर फिरायचा. जेट म्हणजे बर्नरच्या बुडाशी बसवलेला वाटाण्याएवढा पितळी तुकडा. त्याच्या मधोमध केसाएवढं भोक, आणि सगळा गॅस येतो तो तिथूनच. "भोक तुंबलं तर जेट काढा, स्पिरिटात भिजवा, फुंका. अर्धा तास जातो, जाऊ द्या. पण सुई घालायची नाही. जेटला सुई म्हणजे डोळ्यात काडी." मुलं हे वाक्य त्याच्या आवाजाची नक्कल करून म्हणत आणि मास्तरला ते मनातून आवडे.

त्याची थोरली बहीण ताई. भावोजींनी कारखान्यात लेथवर चौतीस वर्षं पितळ आणि पोलाद कातलं, आणि निवृत्त झाल्यावर दोघांनी जुनं मोटरहोम घेतलं. हौस ताईची. मागे बिछाना, मधे बाक, चालकाच्या पाठीशी दोन बर्नरची शेगडी. रोज दार उघडलं की नवं अंगण, असं ती म्हणायची. दोन वर्षं त्यांनी चाकांवर संसार केला. या हिवाळ्यात मात्र गाडी मास्तरच्या गावाबाहेरच्या गाड्यांच्या तळावर येऊन थांबली होती ती हललीच नव्हती.

एका गुरुवारी सकाळी भावोजींचा फोन आला. "मास्तर, डावा बर्नर बघून जा. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"कसलं गिऱ्हाईक?"

"गाडीचं. विकतोय. तुझ्या ताईला आता झेपत नाही रे. दूध तापवते तर ज्योत पिवळी आणि भांडं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखं. मग डोकं धरून पायरीवर बसते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आता वयाला काय पाना लावणार?"

मास्तर हसला नाही. पिवळी ज्योत, काळं भांडं, दुखणारं डोकं. हे तिन्ही तो दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि खाली दोन रेघा ओढत असे. गॅस जास्त, हवा कमी, जळणं अर्धवट; आणि अर्धवट जळण्यातून जो विषारी वायू निघतो त्याला ना रंग, ना वास.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तो तळावर पोचला. ताई दारातच होती. वाळली होती. "आलास? बरं झालं. हे रोज नवा विनोद करतात माझ्यावर, आता तूच सांग काय करायचं ते."

"विनोद कसला," भावोजी बाकावरून म्हणाले, "शेजारच्या गाडीतल्या नर्सबाई विचारत होत्या, तुमच्याकडे चहा धुरी देऊन करतात का. मी म्हटलं, आमच्याकडची खास पद्धत आहे."

ताई हसली, आणि हसताना तिने पदराने शेगडीची कड पुसली. तेव्हा मास्तरला भिंतीवरचा कागद दिसला. शेगडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, चिकटपट्टीने लावलेला. ताईचं गोल गोल अक्षर. भावाने सांगितलेलं, असं वर लिहून खाली रेघ. मग एकाखाली एक: भांड्याचं बूड कोरडं करून ठेवणे. नॉब सावकाश फिरवणे. स्वयंपाक करताना खिडकी बंद ठेवणे, वाऱ्याने ज्योत पिवळी होते.

शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. दोन महिन्यांपूर्वी तिने फोन केला होता. ज्योत पिवळी दिसते म्हणाली, भांडी काळी होतात म्हणाली, डोकं जड होतं म्हणाली. तो तेव्हा घाईत होता. "ताई, चष्म्याचा नंबर बदलून घे," म्हणून तो हसला होता, आणि तोंडाला येतील त्या सूचना त्याने देऊन टाकल्या होत्या. वर्गात कोणी खिडकी बंद ठेवा म्हणालं असतं तर त्याने त्याला बाहेर उभं केलं असतं. बहिणीने मात्र ते शब्द लिहून घेतले, भिंतीला लावले आणि नेमाने पाळले.

"आधी खिडकी उघड," तो म्हणाला.

"पण तूच..."

"उघड, ताई."

त्याने काम सुरू केलं. बाहेरच्या कप्प्यातला सिलिंडर बघितला. रेग्युलेटरचा दाब मोजला, बरोबर. नळीला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा येईना. इतर वेळी त्याला बरं वाटलं असतं, आज प्रत्येक गोष्ट धड निघाली की तो घाईने पुढच्या भागाकडे वळत होता. डाव्या बर्नरची टोपी काढली, काजळी घासली. खालच्या नळीला हवेचं तोंड असतं. उभ्या गाडीत तिथे कोळी जाळं करतो आणि हवा अडते. देवा, कोळी निघू दे, असं तो मनात म्हणाला. आयुष्यात इतक्या कळकळीने त्याने देवाकडे काही मागितलं नसेल. बॅटरी मारून बघितलं. नळी लख्ख होती.

मग राहिला जेट.

तुम्हाला कळलंच असेल. चार महिन्यांपूर्वी हाच बर्नर मंद जळतो म्हणून तो आला होता. जेट तुंबला होता. त्या दिवशी केंद्रात शिक्षकांची बैठक होती, तीत त्याचं भाषण होतं, आणि अर्धा तास त्याच्याकडे नव्हता. ताई पाणी भरायला नळावर गेली होती, भावोजी बाहेर टायर बघत होते. शिवणाची पिशवी खुंटीला होती. त्याने सुई घेतली आणि जेटमध्ये घातली. अडली, तेव्हा फिरवली. सुई होती तिथे परत खोचली. ताई परत आली तेव्हा बर्नर धडधडून पेटला होता. "माझ्या भावाच्या हातात जादू आहे," ती म्हणाली आणि तो हात धुऊन भाषणाला गेला. बघणारा एकच होता, आणि तो वर बसलेला.

आता त्याने दोन्ही जेट काढले आणि चढत्या जाडीच्या मापाच्या तारांचा जुडगा बाहेर काढला. उजव्या जेटमध्ये सातवी तार शिरेना. डाव्यात सातवी गेली, आठवी गेली, नववी जाऊन वर हलायला जागा उरली.

हत्यारांच्या पिशवीत नवा जेट होता. बसवायला पाच मिनिटं लागली. डावा बर्नर पेटला तो निळाशार, खाली दबून, आवाज न करता. मास्तरने जुना जेट मुठीत धरला.

भावोजी उठून आले. ज्योत बघून म्हणाले, "बघ. ह्याच्या हातात कशी शहाण्यासारखी वागते. म्हणजे शेगडीचा दोष नव्हता म्हणायचा."

"माझंच काहीतरी चुकत असणार," ताई म्हणाली. सरावल्या आवाजात, भाजीत मीठ कमी पडलं असेल म्हणावं तसं.

आता बोलायला हवं होतं. मास्तर बोललाही. पण काय बोलला? "नाही, तसं नाही. जेट झिजला होता. वापराने झिजतात."

किती सोयीचं वाक्य होतं पाहा. बहिणीवरचा दोष गेला, स्वतःवर आला नाही, आणि बिचारं पितळ काही बोलणार नव्हतं. पण खोट्याला नेमकं गिऱ्हाईक भेटतं. समोर उभा होता चौतीस वर्षं पितळ कातलेला माणूस.

"झिजला? पितळ? कशानं, वाऱ्यानं?" भावोजींनी हात पुढे केला. "आण इकडे."

मास्तरला मूठ उघडावी लागली. भावोजींनी खणातून भिंग काढलं, दारापाशी उजेडात गेले आणि जेट बोटांत फिरवून फिरवून बघितला. बराच वेळ. पायरीवर ऊन आलं होतं, शेजारच्या गाडीत कोणीतरी रेडिओ लावला होता.

"हे झिजलेलं नाही," ते म्हणाले. "भोक एका अंगाला ओढलंय, कड वर आलीय. आत काहीतरी घालून फिरवलंय कुणीतरी. सुईसारखं." मग ते वळले, मास्तरकडे नाही, ताईकडे. "अगं, तू सुई घातली होतीस का ह्यात?"

आता ती नाही म्हणेल, मास्तरला वाटलं. ती नाही म्हणाली की आपण बोलू.

ताई आठवू लागली. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे आठवू लागली. "घातली असेन," ती म्हणाली. "आठवत नाही. पण सुई तर माझीच असणार ना, गाडीत दुसरं कोण शिवतं? हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता." आणि भावाकडे वळून म्हणाली, "रागावू नकोस रे. तू इतकं शिकवतोस आणि तुझ्या बहिणीनंच असं करावं."

मंडळी, तिने भांडण काढलं असतं तर तो कदाचित अजून एखादी पळवाट शोधत बसला असता. पण तिने न केलेली चूक ओंजळीत घेतली, वर त्याचीच समजूत काढली. मास्तर बाकावर बसला.

"ताई, तू नाही. मी."

"तू काय?"

"सुई मी घातली. मागे आलो होतो तेव्हा. तू नळावर होतीस. मला घाई होती." आणि मग तो थांबू शकला नाही. पिवळ्या ज्योतीचं सांगितलं, वायूचं सांगितलं, बंद खिडकीचं सांगितलं. "तुझं डोकं त्यानं दुखत होतं. मला फोनवरच कळायला हवं होतं. काल भावोजी बोलले तेव्हा कळलंही होतं. तरी आज आल्यावर खोटं बोललो." वर्गात खणखणीत वाजणारा आवाज सुतासारखा बारीक झाला होता.

ताईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे मी म्हातारी झाले म्हणून नव्हे?"

"नाही गं."

"भांड्यांचं बूड मी कोरडंच ठेवत होते."

"हो."

"तीन तीनदा पुसत होते." भावोजींनी भिंग परत खणात ठेवलं; आजवर केलेले सगळे विनोद त्यांच्यासमोर रांगेत येऊन बसले असावेत.

मास्तर माफी मागू लागला तसं तिने हाताने थांबवलं. "सुईचं जाऊ दे. घाईत माणूस काहीही करतो. पण मी डोकं दुखतं म्हणाले तेव्हा तू हसलास. ते मला लागलं होतं. मला वाटलं, मास्तर हसतोय म्हणजे हसण्यासारखंच असेल."

मास्तरने यावर सबब सांगितली नाही, एवढी त्याची त्या दिवसाची पुण्याई.

मग ती म्हणाली, "एक काम कर. ह्या तळावर आणखी चार गाड्या आहेत. चारही घरांत माहीत आहे की ह्या बाईला साधी शेगडी जमत नाही. त्यांना जाऊन सांग. काय झालं ते सांग, झिजला-बिजला सांगू नकोस."

मास्तर उठला. अंगात शेगडीची काजळी लागलेला सदरा, तसाच. पायरी उतरला तोच मागून आवाज आला. "थांब, मीही येतो. सुई तू घातलीस, पण गावभर वाजवलं मी." भावोजी चपला घालत होते.

दोघे गेले. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि भावोजींकडे रोखून बघत म्हणाल्या, "तीन महिने तिचं डोकं दुखतंय आणि तुम्ही मला चहाचा विनोद सांगत होतात? तिला आज तपासून घ्या." भावोजी शाळेतल्या पोरासारखे हो हो म्हणाले. दुसऱ्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना ऐकू कमी यायचं. मास्तरला सगळं दोनदा, आणि दुसऱ्यांदा ओरडून, सांगावं लागलं. "जेटला सुई मी घातली," हे वाक्य तळभर घुमलं. तिसऱ्या गाडीतल्या बाईने विचारलं, "तुम्ही दुरुस्ती शिकवता ना? मग शिकवता तरी काय?" मास्तर म्हणाला, "सुई घालू नये, हे." ती हसली. चौथ्या गाडीला कुलूप होतं. मास्तर पायरीवर बसून राहिला. तासाभराने माणसं आली, तेव्हा त्यांना सांगूनच तो उठला.

परत आले तेव्हा ताई बिछान्यावर पडली होती, खिडकी सताड उघडी. भावोजींनी रविवारच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. का, असं पलीकडून विचारलं असावं. "गाडीत दोष नाही म्हणून," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी चहा टाकला, डाव्या बर्नरवर. चहा पार कडू झाला होता. तिघांनीही तो संपवला.

मास्तर सोमवारी वर्गात काय बोलला, बोलला की नाही, ते मला ठाऊक नाही. उगीच त्याच्या पदरात पुण्य टाकत नाही. पण मायबाप हो, एक मागणं आहे. घरात कुणीतरी हळूच म्हणतं, "माझंच चुकलं असेल." आपण ते ऐकतो, बरं वाटून घेतो आणि कामाला लागतो. यापुढे तसं कानावर आलं, तर घडीभर थांबा आणि तीन तीनदा भांडी पुसणाऱ्या त्या ताईची आठवण ठेवा.