मी छापलेली दुरुस्ती

हल्लीच्या मुलांनी सायक्लोस्टाईल पाहिलेला नसतो, म्हणून आधी मी कोण ते सांगतो. मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, लोखंडी लेखणीने अक्षरं कोरायची, तो कागद माझ्या पिंपावर ताणून बसवायचा, आत शाई भरायची आणि बाजूचा दांडा फिरवत राहायचं. एका फेरीला एक पान बाहेर पडतं. मला वीज लागत नाही. बनारसमध्ये हा माझा मोठाच गुण होता, पण त्याबद्दल कुणी मला कधी शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

माझा जन्म कलकत्त्याचा, १९७४ सालचा. तिथून लाकडी खोक्यात बंद होऊन मी बनारसला एका मुलींच्या शाळेत आलो आणि सतरा वर्षं परीक्षेचे पेपर छापले. मग शाळेत झेरॉक्सचं यंत्र आलं. मला मोडक्या बाकांशेजारी व्हरांड्यात ढकललं. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी भूगोल शिकवणाऱ्या लतिकाताई पाटणकर यांनी मला सायकलरिक्षात घातलं आणि ब्रह्माघाटावरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. माझं काय करायचं हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. वर्षभर माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी होती.

१९९२च्या ऑगस्टमध्ये त्या एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गेल्या आणि संतापून परत आल्या. तीन मुलांनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी म्हटली होती. एक गिटार, एक ढोलक आणि एक गाणारा. दुसऱ्या गाण्यालाच लोकांनी सिनेमाच्या गाण्यांसाठी ओरडायला सुरुवात केली आणि संयोजकाने माइकच बंद केला.

"इतक्या मोठ्या शहरात," लतिकाताई एकट्याच बोलत होत्या, "गाणं म्हणजे एक तर गुरूजवळ बसून शिकलेलं, नाही तर पडद्यावरचं. मधल्या माणसांनी जायचं कुठे?"

त्यांनी बरणी खाली ठेवली, माझ्यावरची धूळ पुसली आणि स्टेन्सिलचं पाकीट फोडलं. अशी आमची पत्रिका निघाली. नाव 'यहीं के गाने'. हिंदीत, दोन्ही बाजूंनी छापलेलं एकच पान, महिन्यातून एकदा. दर वेळी दीडशे प्रती. कोण कुठे गाणार, कोण काय गायलं, कुणाचं चांगलं झालं आणि कुणाचं फसलं, एवढंच त्यात असायचं.

त्या पत्रिकेसाठी ताईंनी किती पायपीट केली ते मला त्यांच्या चपलांवरून कळायचं. लंका नावाच्या मोहल्ल्यातली चहाची दुकानं, गोदौलियातलं कॅसेटचं दुकान, सोनारपुऱ्यातलं एक वाचनालय. पाच वाजताचा कार्यक्रम आठला सुरू व्हायचा. ताई पाचलाच जाऊन बसायच्या. कधी ऐकणारे अकरा, तर कधी सात, आणि त्यातले चार गाणाऱ्यांचे भाऊ. मध्येच दिवे जायचे. दोन मंडळ्यांबद्दल मनापासून लिहावं, तर अंक वाटून होईपर्यंत त्यातली एक मोडलेली असायची. कुणाची परीक्षा, कुणाला दिल्लीत नोकरी, कुणाच्या काकांनी गिटार विकून टाकलेली. पत्रिका चहावाल्याकडे ठेवली की दुसऱ्या दिवशी तीत भुईमुगाच्या शेंगा बांधून मिळायच्या. एकदा ताईंनीच शेंगा घेतल्या आणि स्वतःचा लेख घरी आणला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तरी पुढचा अंक निघालाच.

ज्या तीन मुलांमुळे हे सुरू झालं त्यांच्या मंडळीचं नाव होतं 'टूटी सीढ़ी'. त्यांचा गाणारा कानपूरला निघून गेला आणि त्याच्या जागी १९९४च्या सुरुवातीला बकुळ आली. बकुळ मोघे, वय एकोणीस, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिचे वडील गोपीनाथ मोघे दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करीत. घरी तिने सांगितलं होतं की ती लतिकाताईंकडे अभ्यासाला जाते. ते पूर्ण खोटं नव्हतं, कारण सराव आमच्याच खोलीत चालायचा.

मी तिला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई माझ्या पिंपाला शाई लावत होत्या आणि त्यांचा हात तसाच थांबला. बकुळचा आवाज फार गोड होता असं नाही. थोडा खरखरीत होता. पण ती शब्द असे म्हणायची की तिला खरंच काही विचारायचं आहे असं वाटावं. रामनगरला जाणारा, नदीवर तरंगणारा पिंपांचा पूल पावसाळ्यात काढून ठेवतात, त्यावर तिने गाणं लिहिलं होतं. पूल उचलला, आता पलीकडच्या माणसाशी भांडायचं तरी कसं, असं काहीसं त्यात होतं. ऐकताना गिटारवाला कुशल हसत होता, आणि गाणं संपलं तेव्हा त्याला पुढच्या गाण्याचा सूर आठवेना.

ताईंनी त्या महिन्यात सगळं पान तिच्यावर लिहिलं. फक्त नाव घातलं नाही. 'मंडली की नई गायिका' एवढंच लिहिलं. पुढे वर्षभर तसंच चाललं.

१९९५च्या जानेवारीत बकुळ अंक हातात घेऊन आली. ती ताईंशी मराठीत बोलायला लागायची आणि चिडली की हिंदीत जायची.

"ताई, कुशलचं नाव आहे. ढोलकवाल्याचं आहे. चहावाल्याचंसुद्धा आहे. मेरा क्यों नहीं?"

"तुझ्या घरी कळलं तर?"

"माझ्या घरी तुमची पत्रिका कोण वाचतंय? आणि गाणी मी लिहिते. चार गाणी माझी आहेत. लोक समजतात कुशलने लिहिली."

"विचार कर, बकुळ."

"वर्षभर केला. लिख दीजिए."

फेब्रुवारीच्या अंकात ताईंनी तिचं पूर्ण नाव कोरलं. स्टेन्सिलवर गोल अक्षर जपून कोरावं लागतं, नाही तर आतला तुकडा गळून पडतो आणि छापताना तिथे काळा डाग उमटतो. तिच्या नावातल्या 'ब'चा पोटातला तुकडा गळालाच. दीडशे प्रतींवर तिचं नाव एका काळ्या ठिपक्याने सुरू झालं. बकुळला तेही आवडलं. एक प्रत तिने वहीत घालून नेली.

बारा दिवसांनी रविवारी सकाळी गोपीनाथ मोघे आमच्याकडे आले. ताईंनी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायले नाहीत. उपरण्याच्या टोकात बांधलेला अंक सोडून त्यांनी मांडीवर ठेवला.

"लतिकाबाई, मला गाण्याचं वावडं नाही," ते म्हणाले. "माझी आई सुंदर गायची. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मलाही माहीत नाही. कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही."

ताईंनी त्यांच्या मांडीवरच्या अंकाकडे पाहिलं.

"परवा घाटावर माझ्या शेजारी बसणाऱ्या वेणीमाधवने चारचौघांत हा कागद वाचून दाखवला. दोन यजमान समोर बसले होते. म्हणाला, ही तुमचीच बकुळ का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नव्हे. ही दुसरी कोणी असेल." त्यांनी अंकाची घडी पुन्हा घातली. "आता मी बोललोय. माझा शब्द खोटा पडला तर त्या घाटावर मी बसू कसा?"

"गुरुजी, मग मी काय करू?"

"दुरुस्ती छापा. नाव चुकलं म्हणून. तेवढं केलंत तर मी घरात विषय काढणार नाही. कॉलेज चालू राहील. गाणं मात्र नाही."

"ते खोटं होईल."

"होईल," गोपीनाथ म्हणाले. "माझंही खोटंच आहे."

त्यांच्यावर रागावता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते भिंतीला हात घासत जिना उतरले, आणि तो आवाज ऐकून मला राग धरवेना.

दुसऱ्या दिवशी बकुळ आली. तिचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

"छापा, ताई."

"तू म्हणशील तर मी पत्रिका बंद करेन. हे नको."

"पत्रिका बंद करून मला काय मिळणार? कॉलेज सुटलं तर वर्षभरात माझं लग्न लावतील. एक साल बचा है. डिग्री हातात आली की नोकरी करता येईल. छापा."

"आणि गाणी?"

"गाणी कुशल म्हणेल. तसंही लोकांना ती त्याचीच वाटायची."

ताईंनी मार्चच्या अंकाच्या तळाशी चौकट आखली आणि कोरलं, 'भूल-सुधार: पिछले अंक में गायिका का नाम ग़लत छपा। श्री गोपीनाथ मोघे की पुत्री बकुल का इस मंडली से कोई संबंध नहीं है।' पहिली स्टेन्सिल फाटली. दुसरी पुन्हा कोरली. मग त्यांनी दांडा फिरवला. मी अडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. माझ्यासारख्याला अडता येतं, कागद तिरका घेता येतो, रोलर घसरवता येतो. पण त्या दिवशी मेलं सगळं सुरळीत चाललं. दीडशे प्रती, एकही वाया न जाता. इतकी स्वच्छ छपाई मी पूर्वी केली नव्हती.

गोपीनाथांनी शब्द पाळला. बकुळचं कॉलेज चालू राहिलं. ती आमच्याकडे यायची बंद झाली.

आम्हाला मात्र त्या चौकटीने खाल्लं. कार्यक्रमांना येणारे जे पंधरा-वीस लोक होते, त्यांनी बकुळला गाताना समोर बसून ऐकलं होतं. त्यांना नाव माहीत होतं. एप्रिलमध्ये कॅसेटच्या दुकानातला एकजण ताईंना म्हणाला, "दीदी, एक आप ही थीं जो सच लिखती थीं. अब बाक़ी का भी कैसे मानें?" कुशलने बकुळची गाणी दोनदा म्हणून पाहिली आणि सोडून दिली. त्या हिवाळ्यात 'टूटी सीढ़ी' लग्नांच्या वरातींत सिनेमाची गाणी वाजवू लागली. तिथे त्यांचा माइक कुणी बंद करत नसे. ताईंनी त्यावरही लिहिलं, रागाने, आणि कुशलने बोलणं टाकलं. १९९६च्या जूनमध्ये शेवटचा अंक निघाला. तो शेवटचा आहे असं त्यात लिहिलं नव्हतं. जुलैत लिहिण्यासारखं कुणी गायलंच नाही.

त्या चार गाण्यांची कॅसेट कुणीही भरली नाही. सगळे म्हणायचे, पुढच्या महिन्यात करू. हे आठवलं की मला अजून चीड येते. ताईंना मी दोष देत नाही, त्यांनी लिहिलं तरी. पण घरात रेडिओवाला टेपरेकॉर्डर होता. त्यावर त्या बातम्या ऐकायच्या.

पत्रिका बंद पडल्यावर एका दुपारी ताईंनी पाकिटातली शेवटची स्टेन्सिल काढली, तीन वाक्यं कोरली आणि ती पिंपावर बसवून वर मेणकापड घातलं. छापलं नाही. बकुळने सांगितल्याशिवाय छापायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

बकुळ आली ती १९९८च्या दिवाळीत. जबलपूरला रेल्वेच्या कार्यालयात नोकरी लागून तिला दीड वर्ष झालं होतं. केस कापले होते, चष्मा लागला होता. ताईंनी चहा ठेवला आणि मेणकापड उचलून तिला स्टेन्सिल दाखवली. बकुळने वाकून, डोळे बारीक करून वाचलं.

'मार्च १९९५ के अंक का भूल-सुधार झूठा था। वे गाने बकुल मोघे ने गाए थे। चार गाने उसी के लिखे हुए हैं।'

"छापू?" ताईंनी विचारलं. "कागद आहे. सगळीकडे मी स्वतः नेऊन देईन."

बकुळने चष्मा काढून पुसला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण.

"बाबांना गेल्या वर्षी झटका आला," ती म्हणाली. "उजवा हात चालत नाही. तुमची ती दुरुस्ती अजून त्यांच्या पंचांगात आहे, ताई. कुणी माझं नाव काढलं की दाखवतात. आता त्यांना खोटं पाडून मी जबलपूरला निघून जाऊ?"

"मग हे असंच राहू दे?"

"एक काढा."

"एकच?"

"मला पुरे."

शाई घट्ट झाली होती. ताईंनी रॉकेलचे दोन थेंब टाकले. दांडा बकुळने स्वतः फिरवला. पहिलं पान कोरं निघालं, दुसरं डागाळलं, तिसऱ्यावर अक्षरं उमटली. या वेळी 'ब' शाबूत होता. बकुळने पान वाळेपर्यंत धरून ठेवलं आणि चार घड्या करून पर्समध्ये टाकलं. ताईंनी विचारलं, अजून लिहितेस का? ती म्हणाली, "ऑफिसमध्ये वेळ कुठे मिळतो?" मग चहा प्यायली आणि गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. स्टेन्सिल माझ्यावरच वाळून गेली. मागच्या महिन्यात तिला बोट लागलं आणि तिचे तुकडे झाले. नवी स्टेन्सिल बनारसमध्ये मिळत नाही. ताई आता कार्यक्रमांना जात नाहीत. विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगतात.

माझं एक मागणं आहे. त्या दीडशे प्रती सगळ्याच काही शेंगांत गेल्या नसतील. एखादी कुणाच्या जुन्या ट्रंकेत असेल, कुणाच्या कपाटात खाली अंथरलेली असेल. 'यहीं के गाने', मार्च १९९५. मिळाली तर बाकीचं पान वाचा. तळाची चौकट वाचू नका. आणि वाचलीत, तर शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा की हे खोटं आहे. कुणी सांगितलं असं विचारलं, तर ज्याने छापलं त्यानेच, म्हणून सांगा.