देव्हाऱ्यातून उतरलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण माझी कीव करू नका. वय माझं अवघं तीन वर्षांचं. पाठीचं लाल कापड उन्हानं विटलं, कोपरे मळले, मधल्या पानांवर मातीच्या पाण्याचे तपकिरी डाग पडले. हे डाग मी कमावले आहेत. मी रोजमेळाची वही. धंद्यात आज काय आलं आणि काय गेलं, ते आजच लिहायचं, एवढंच माझं काम. पण ते काम मिळवायला मला वर्षभर झगडावं लागलं.

माझा जन्म पुण्यातल्या एका बायंडरकडं झाला. जाड दोऱ्यानं त्यानं माझी पानं शिवली. सुई टोचली तेव्हा दुखलं. पण शिवलेली वही उघडली की सपाट पडते, लिहिणाऱ्याच्या हाताखाली उड्या मारत नाही. तिथून मी शिरूरच्या बाजारात आले. दिवाळी तोंडावर होती. दुकानाबाहेर आम्हा लाल वह्यांची चळत लावली होती, आणि तिथंच सुलक्षणानं मला उचललं.

सुलक्षणाचं माहेर शिरूरकडचं, सासर दौंड तालुक्यातलं खुटबाव. काखेत दीड वर्षांची लेक ऋतिका, हातात प्लॅस्टिकच्या ट्रेंचा गठ्ठा. घरामागच्या पाच गुंठ्यांत शेडनेट उभारून तिनं नुकतीच रोपवाटिका सुरू केली होती. कोबी, टोमॅटो, मिरचीची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची.

"ताई, आता सगळे मोबाईलमध्ये लिहितात," दुकानदार म्हणाला.

"मोबाईल ही पोरगी तोंडात घालती. तुम्ही जाडसर वही द्या."

मी हरखले. वाटलं, ही बाई मला भरून टाकणार.

लक्ष्मीपूजनाला मला पाटावर बसवलं. पहिल्या पानावर श्री काढला, स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, विड्याचं पान आणि सुपारी ठेवली. पाडव्याच्या सकाळी सुलक्षणा पेन घेऊन बसली, तर सासूबाई, सोजराबाई, धावत आल्या.

"अगं अगं! पुजलेल्या वहीवर खाडाखोड करतीस व्हय? लक्ष्मी हाय ती."

"आत्या, हिशेब लिहायलाच आणलीय."

"कॅलेंडरवर लिही की. तेवढ्यासाठी लक्ष्मी बाटवायची?"

घरची सून, नवा धंदा, सणाचा दिवस. सुलक्षणानं पेन ठेवलं आणि मी देव्हाऱ्यात गेले. मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे अडगळीतच पडावं लागतं असं नाही. मला रोज उदबत्ती मिळायची, फूल मिळायचं. अक्षर तेवढं एकही मिळायचं नाही. खाली सुलक्षणा कॅलेंडरच्या चौकोनात, बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांवर, कधी शेडनेटच्या खांबावर खडूनं लिहीत होती, आणि मी वर बसून धुरानं काळी पडत होते. मला देव व्हायचं नव्हतं. पण वहीला विचारतं कोण!

वर्ष सरलं. रोपं चांगली निघत होती, मागणी वाढली. दुसरं शेडनेट घ्यायचं तर बँकेत वर्षाचा हिशेब द्यावा लागणार, आणि रोपवाटिका कुणाच्या नावावर आहे तेही दाखवावं लागणार. म्हणजे हिशेबनीस हवा. घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. सोजराबाईंचे चुलतभाऊ हौसराव दौंडला कागदपत्रांचं काम करत. सगळी भावकी, सगळे पाहुणे त्यांच्याकडंच. "आपल्यातला माणूस सोडून परक्याकडं कशाला?" सासरे आनंदराव म्हणाले. नवरा दत्ता कारखान्यात पाळीला जाता जाता म्हणाला, "आबा म्हणतात तसं कर." सुलक्षणानं सगळी पाकिटं पिशवीत भरून पाठवली. आठवड्यानं बोलावणं आलं. बँकवाल्यांनी वहीही बघू म्हटलं होतं, म्हणून तिनं मला देव्हाऱ्यातून उतरवलं.

हौसरावांच्या ऑफिसची भिंत मी कधी विसरणार नाही. ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी, पिशवीवर घराचं नाव. एकदा टांगलेली पिशवी मार्चपर्यंत कुणी काढत नसे. काढणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं.

हौसरावांनी मला उघडलं, चाळलं आणि खूश झाले.

"कोरीच हाय! ब्येस झालं. कोऱ्या वहीत पाहिजे ते बसवता येतं."

मित्रांनो, वर्षभर मला कुणी लिहिलं नाही याचं वाईट वाटलं होतं. पण त्या वाक्यानं माझी पानं शहारली. कोरं राहणं म्हणजे पवित्र राहणं नव्हे. कोरं राहणं म्हणजे कुणाच्याही हातात सापडणं.

"आन् रोपवाटिका दाजींच्या नावावर दाखवू," हौसराव कागद पुढं सरकवत म्हणाले. "बँकेला वडीलधारं माणूस बरं दिसतं. तू हितं संमतीची सही कर."

"मामा, काय लिहिलंय ते वाचू द्या आधी."

"अगं, शंभर घरं सही करून गेली. एकानं वाचलं न्हाई."

"मग मी पहिली."

"आनंदरावांची सून लई शिकलेली दिसती," ते हसत म्हणाले, पण कागद त्यांनी मागं ओढला.

सुलक्षणा उठली. तिनं मला काखेत मारलं आणि भिंतीच्या खिळ्यावरून आपली पिशवी काढली. ऑफिसात बसलेली चार माणसं बघतच राहिली.

ती घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. "भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," आनंदराव म्हणाले. सोजराबाई तर दोन दिवस बोलल्या नाहीत. माहेरची माणसं दुखावली होती त्यांची. सुलक्षणा मान खाली घालून भाकऱ्या थापत राहिली, पण सही तिनं केली नाही.

मग ती शिरूरला हिशेबाचं काम करणाऱ्या मायाकडं गेली. एसटी स्टँडजवळ एका औषधाच्या दुकानावर दोन टेबलांचं ऑफिस. माया तिच्याच वयाची. यावेळी आधी सुलक्षणानं प्रश्न विचारले. फी किती? कागद परत कधी मिळणार? समजलं नाही तर पुन्हा सांगणार का?

"फी भिंतीवर लिहिलीय. कागद मी ठेवतच नाही, फोटो काढून लगेच परत. आणि पुन्हा मी कशाला सांगू? दर महिन्याला तुम्ही मला समजावून सांगायचं." मग मायानं विचारलं, "शंभर बिया टाकल्या तर रोपं किती हाताला लागतात?"

सुलक्षणानं मनात ट्रे मोजले. हा प्रश्न वर्षात कुणी विचारला नव्हता.

"नव्वदेक. कधी कमी."

"तो कमीचा दिवसही लिहायचा. आणि हे वर्ष तुम्हीच लिहून काढा. मी एक ओळ लिहिणार नाही. धंदा माझा नाहीये."

त्या दिवशी सुलक्षणानं आपला हिशेबनीस निवडला. जो वही मागून घेतो तो नव्हे, जो वही परत हातात देतो तो.

लिहायला वेळ कुठला? दुपारी ऋतिका झोळीत झोपली की शेडनेटमध्ये पाय पसरून ती बसायची. एक हात झोळीच्या दोरीला, एक माझ्यावर. पोर हलली की अंगाईची ओळ, मग परत बियाण्याची ओळ. हिशेबाचं पहिलं अक्षर पडलं तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. पेन जरा कोरडं होतं, तिनं ते माझ्या कडेवर चार वेळा घासलं. मला तेही आवडलं.

तिसऱ्या दिवशी सोजराबाई दारात आल्या.

"लक्ष्मीवर लिहितीस?"

"आत्या, लक्ष्मी स्वतः येऊन लिहिणार न्हाई. लिहू द्या."

पेन थांबलं नाही. सोजराबाई बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

"चैताचं काय लिवलंस?"

"बानूबाईंची मिरचीची रोपं. दोन हजार."

"दोन न्हाई. अडीच. पाचशे नंतर न्हेली, तिच्या जावंसाठी. मीच दिली." त्या आत येऊन बसल्या. बाईंना ट्रे अन् ट्रे पाठ होता! त्या सांगत गेल्या, ही लिहीत गेली. वर्षाची कितीतरी भोकं त्या म्हातारीनं बुजवली.

एक पान मात्र अवघड होतं. वैशाखात एका दुपारी टोमॅटोची चार हजार रोपं सुकून गेली होती. आनंदरावांनी शेडनेटचं पाणी बंद करून जनावरांच्या घासाला लावलं होतं. घरात कुणी त्याचं नाव काढत नसे.

"ते लिवू नगंस," आनंदराव म्हणाले. "घराची अब्रू हाय."

"आबा, मेलेली रोपं लिहिली न्हाईत तर जगलेल्यांवर कोण विश्वास ठेवील?"

आणि तिनं लिहिलं. 'टोमॅटो, चार हजार रोपं गेली. आबांनी पाणी बंद केलं.' त्या रात्री आनंदराव अर्ध्या ताटावरून उठले.

बँकेत जायच्या आदल्या दिवशी हौसराव तोच कागद घेऊन स्वतः घरी आले. आता सुनेची संमती नकोच होती. त्यांनी कागद थेट आनंदरावांपुढं धरला.

"दाजी, तुम्ही मालक म्हणून सही करा. पोरीचा हट्ट चार दिवसांचा असतो. घरात कर्ता कोण हाय?"

आनंदरावांनी पेन हातात घेतलं. सुलक्षणानं मला छातीशी धरलं. वर्षभराची तिची मेहनत त्या एका सहीनं दुसऱ्याच्या नावावर जाणार होती.

"सुलक्षणा," आनंदराव म्हणाले, "वैशाखाचं पान वाच."

तिनं वाचलं. आवाज न कापता, पाण्याच्या ओळीसकट.

आनंदरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"हौसराव, मी खरा मालक असतो, तर माझी चूक ह्या वहीत कुणी लिवली असती का? जिनं लिवली, तिचीच रोपवाटिका. मी सही करायचा न्हाई."

"दाजी, उद्या पस्तावाल."

"तर ते बी लिवल ती. च्या घेऊन जावा."

हौसराव चहा न घेता गेले. त्यांची गाडी वळली तसे आनंदराव पुटपुटले, "पाण्याचं जरा बारीक अक्षरात लिवायचं हुतं."

"आबा, शाई सगळ्यांना सारखीच," सुलक्षणा म्हणाली, आणि इतके दिवस कडू झालेलं ते घर खळखळून हसलं. दुसऱ्या दिवशी बँकेच्या अर्जावर मालक म्हणून तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

मित्रांनो, आता मी भरले आहे. मला पुसा, झटका, कव्हर घाला, असलं काही मी मागणार नाही. मळू द्या मला. पण तुम्ही मोठे व्हाल, एखादा धंदा कराल, तेव्हा कुणीतरी गोड बोलून कागद पुढं सरकवेल आणि म्हणेल, वाचायची गरज नाही. आपला असो की परका, त्याच्यासमोर बसून सगळं वाचा. हुशार माणूस मदतीला जरूर घ्या, पण आपली वही आपल्या हातानं लिहा. नफ्याची ओळ लिहा आणि नामुष्कीचीही लिहा. ती ओळ नको झाली म्हणून पान फाडायला मात्र जाऊ नका. माझ्या पानापानावर छापील क्रमांक आहेत. एक जरी पान गेलं, तरी मी सगळ्यांना सांगेन.